रबरी साप

सेलू, रविवार, १२ जानेवारी १९८६

आज मी हसले. मोठ्यानं, चारचौघांत, आणि तेही साप बघून. कपाशीत साप चावून हे गेले, त्याला अजून वर्षही झालं नाही.

नणंद शालूनं मला ओढतच व्हिडिओवरचा सिनेमा बघायला नेलं. इंग्रजी सिनेमा, बोलणं हिंदीत. कुणा शास्त्रज्ञाच्या औषधानं साप आगगाडीएवढा होतो आणि माणसं गिळत सुटतो. सापाचा सिनेमा आहे हे कळलं तेव्हाच उठायला हवं होतं. उठले नाही. डोळे मिटून बसून राहिले. शालूनं कोपर मारलं. "वहिनी, पाहा ना! त्याच्या गळ्याले शिवण हाय!"

खरंच होती. गादीला घालतात तशी जाड, एका जागी उसवलेली. मला जे हसू फुटलं ते थांबेचना. शालूही हसत होती, आणि तिचा तर सख्खा भाऊ गेला. मग तिनं माझा हात धरला, तो सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही.

ती शिवण डोळ्यांसमोरून जात नाही. हसले ते चुकलं का? खरा साप तर म्हणे हातभरच होता.

घरी आलो तर सासूबाई दारातच. "काऊन हसून राह्यल्या वं?"

शालूनं भीत भीत सगळं सांगितलं. वाटलं, आता चिडतील. पण त्यांनी मलाच विचारलं, "आखरीले मारते का त्याले?"

"हो आई. जाळून टाकतात."

"मंग उद्या मले बी घेऊन चालजो."