डावीकडे मोकळं

७ मार्च, रविवार दुपार

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितेय. फोन कट करता येतो, पत्र फार तर फाडता येतं, आणि वाचल्याशिवाय तुम्ही ते फाडणार नाही एवढं मी तुम्हाला ओळखते. गुडघे कसे आहेत? जिने कमी चढा म्हटलं की तुम्हाला राग येतो, म्हणून म्हणत नाही. इकडे सगळं ठीक. लेक कॉलेजातून येते आणि फ्रीज उघडून त्याच्यासमोर उभी राहते, अर्धा तास. आत काही उगवेल अशी तिला आशा असावी.

बातमी अशी, की सोमवारी मी पास झाले. ट्रेलरचं लायसन्स मिळालं. हो, तुमचे भाऊ चालवतात तोच ट्रेलर, पुढे केबिन, मागे लांबच्या लांब धूड आणि मध्ये सांधा. आता तुम्ही चष्मा काढून ठेवला असेल. घाला परत, पत्र अजून बरंच आहे.

गेल्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा म्हणालात, "नवऱ्याच्या डोक्यावर बसली होतीसच, आता त्याच्या गाडीतही जाऊन बसलीस. पोरीला वाऱ्यावर सोडून." मी तेव्हा खाली मान घालून भांडी पुसत राहिले. तुम्हाला वाटलं, बाई निगरगट्ट आहे. वन्सं, तोंड उघडलं असतं तर नको ते बाहेर आलं असतं, म्हणून गप्प होते.

सुरुवात साधीच झाली. आमचा शिलाईचा कारखाना बंद पडला आणि घरात बसून मला भिंती खायला उठल्या. तुमचे भाऊच थट्टेत म्हणाले, "मशीन चालवतेस तशी गाडी चालव." मी दुसऱ्या दिवशी जाऊन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पुढे जाणं जमतं हो. रिव्हर्सला मात्र नाकी नऊ आले. ट्रेलरचं ढुंगण डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, आणि ते वळू लागलं की लगेच उलट फिरवून त्याच्या मागे मागे जायचं. जरा उशीर झाला की केबिन आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटतात. माझे इतक्यांदा मिटले, की शिकवणारे मास्तर मला 'कात्री' म्हणूनच हाक मारायचे. त्यांची आणखी एक सवय होती. गाडी चालवताना दिसेल ते मोठ्याने बोलायला लावायचे. पुढे सिग्नल, उजवीकडे बस, डावीकडे मोकळं. आधी लाज वाटायची, मग तोंडाला वळणच पडलं.

एका रविवारी रिकाम्या यार्डात हे म्हणाले, "तुझ्या मास्तरांना काय येतंय, मी दाखवतो." मी नारिंगी प्लास्टिकचे कोन दोन रांगांत मांडले आणि बाजूला उभी राहिले. ह्यांनी एका दमात गाडी मागे घेतली. काय हात आहे तुमच्या भावाचा. बघत राहावं. फक्त डावीकडचा शेवटचा कोन मागच्या चाकाखाली गेला. प्लास्टिकचा तो, आवाजसुद्धा झाला नाही. हे खाली उतरले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "बघितलंस? एकही कोन हलला नाही."

कोन चाकाखाली चपटा होऊन पडला होता. मी म्हटलं, "हो, एकही नाही."

त्या दिवसापासून मला एकेक उमगत गेलं. गोदामात माल उतरवायला गेलं की हे अख्ख्या इमारतीला वळसा घालून येत, म्हणजे गाडी आपल्या बसण्याच्या बाजूने, उजवीकडून मागे लावता येते. मला वाटायचं ही ह्यांची ऐट. ट्रेलरच्या डाव्या अंगावर ओरखडे होते, त्यांचं खापर हमालांवर फुटायचं. शिकले नसते तर जन्मात कळलं नसतं.

आता लिहूनच टाकते. ह्यांना डाव्या डोळ्याने दिसेनासं होत होतं.

मी एकदा विषय काढला. "डोळ्यात कचरा गेलाय," म्हणाले आणि ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी मला न सांगता गाडी घेऊन गेले. तो दिवस कसा काढला ते माझं मला माहीत. मग मी ठरवलं, बोलायचं नाही, सोडायचंही नाही. मास्तरांनी सराव सांगितलाय म्हणून मी प्रत्येक फेरीला शेजारी जाऊन बसायला लागले. आणि पूर्ण रस्ता पोपटासारखी बोलायची. डावीकडे सायकल. डावीकडे शाळेची मुलं. डावीकडे मोकळं. तुम्ही आलात तेव्हा हेच चाललं होतं. लेकीला वाऱ्यावर सोडलं नव्हतं हो, ती भाजी करपवायला शिकत होती.

हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही. किल्ली काढून घ्यायला हवी होती. मला शिंक आली आणि नेमकं तेव्हाच कुणाचं लेकरू डावीकडून आलं तर, ह्या विचाराने माझ्या काळजाचं पाणी व्हायचं. पण ह्यांच्या हातातलं स्टिअरिंग नुसतं काढून घेतलं असतं तर हे घरात बसून खचले असते. ते घ्यायला दुसरा हात तयार पाहिजे होता. म्हणून घाई होती मला. तुम्ही जिला हट्ट म्हणालात, ती ही घाई.

सोमवारी परीक्षा झाली. बाहेर हे बाकावर बसले होते. मी पास झाल्याचं सांगितलं. ह्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"तू डावीकडे डावीकडे करत होतीस ना," म्हणाले, "ते मास्तरांसाठी नव्हतं. मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर गाडी सोडावी लागली असती. कुणाच्या हातात सोडणार होतो?"

मी म्हटलं, निदान ताईंना तरी सांगायचं. तर म्हणतात, "ताईला सांगितलं असतं तर ती त्याच दिवशी येऊन माझे कान पिळून किल्ली घेऊन गेली असती." वन्सं, तुम्ही खरंच तेच केलं असतंत, आणि तेच बरं झालं असतं. आईमागे तुम्ही ह्यांना वाढवलंत, ह्यांना धाक आहे तो तुमचाच.

बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळ्यात प्रेशर वाढलंय. डाव्याचं गेलं ते परत येणार नाही. पण उजवा शाबूत आहे, आणि रोज थेंब घातले तर तो टिकेल असं डॉक्टर म्हणाले. आपण वेळेत आलो. हे ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन खुर्चीवर बसून मी इतकी रडले, की शेजारच्या बाईंना वाटलं डोळा माझाच गेला.

काल माझी पहिली फेरी होती. हे शेजारच्या सीटवर. पहिला तासभर ह्यांचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता आणि माझी प्रत्येक चूक जिभेच्या 'च्च' वर मोजली जात होती. मग एकदम शांत. मला वाटलं, रुसले. वळून बघते तर डोकं खिडकीला टेकून, तोंड उघडं टाकून झोपलेले. वन्सं, हा माणूस साध्या बसमध्येसुद्धा कधी डोळा मिटत नाही, ड्रायव्हरवर नजर ठेवून बसतो. मी रेडिओ बंद केला.

गोदामापाशी वळसा घालायला जागा नव्हती. गाडी डाव्या अंगानेच मागे घ्यावी लागली. तीनदा पुढे-मागे केली, घाम फुटला, पण लागली नीट, माल उतरवायच्या धक्क्याला. इंजिन बंद केलं तेव्हा हे जागे झाले.

"पोहोचलो का?" म्हणाले.

मी म्हटलं, "पोहोचलो."

हे स्वतः तुम्हाला फोन करणार आहेत. शब्द जुळवत बसलेत दोन दिवस. आला की उचला, आणि सगळं पहिल्यांदाच ऐकताय असं ऐका. कान नंतर पिळा, दोघांचेही.

तुमच्या भावाला घरी घेऊन आलेली,
तुमची भावजय