बदलीची बातमी

दि. ४ जानेवारी

ती. आपास,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अम्माने डाव्या हाताने वाटी सरकवली हे वाचलं आणि मी धोबीखान्यात ज्याला त्याला सांगत सुटलो. आता ती व्यायाम म्हणून सरकवली की सांजा आवडला नाही म्हणून, ते तू लिहिलं नाहीस. अम्माला ओळखतो, त्यामुळे दुसरं कारणच खरं असावं.

माझं ठीक चाललं आहे. हॉटेलच्या चादरी काही संपत नाहीत. सध्या मोठ्या इस्त्रीच्या रोलरवर आहे, गरम आहे पण उभं राहायचं काम एका जागी. खोलीत मला खालचा पलंग मिळाला. एसीचं पाणी आता वरच्या टेलरच्या पायावर पडतं आणि शिव्या मात्र मलाच पडतात.

आता कामाचं. मला बदली हजला जायचं आहे. यंदा आमच्या इथून हजला बस जाणार आहे. माझी स्वतःची यात्रा पहिल्या वर्षीच झाली, म्हणून आता मी दुसऱ्याच्या नावाने जाऊ शकतो, असं मौलवीसाहेब म्हणाले. तीच बदली हज. आपा, माझ्या डोक्यात दुसरं कुणाचं नाव येणार? अम्माची हजची पेटी भरून झाली होती आणि त्याच आठवड्यात तिला लकव्याने गाठलं. उन्हाळ्यानंतर माझा करार संपतो, मी कायमचा घरी येणार. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

पण घोडं अडलं ते पुढेच. आजार बरा होण्याची आशा असेल, तर तिच्याऐवजी कुणी गेलेलं चालत नाही, असं ते म्हणाले. आशा नाही, हे पक्कं हवं. शिवाय तिची परवानगी हवी. तू डॉक्टरांना स्पष्ट विचार आणि मला खरं काय ते कळव. फोनवर हे बोलता येत नाही, फोन तिच्या उशाशी असतो. मार्च लागला की नावं बंद होतील.

दाजींना सलाम. लोभ आहेच, त्यात काटछाट नको.

तुझा,
बारक्या

ता. क. हे पत्र अम्मासमोर मोठ्याने वाचू नकोस.


दि. १९ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम दुवा.

समोर वाचू नकोस हे पत्राच्या शेवटी लिहिणाऱ्या शहाण्या माणसा, तुला काय म्हणावं? तुझं पत्र आलं की मी शाळेतून आल्या आल्या पलंगाच्या कडेला बसून पहिल्या ओळीपासून वाचते, हे तुला माहीत नाही का? वाटीचं वाचलं, टेलरच्या शिव्यांचं वाचलं, अम्मा तोंडाच्या चांगल्या बाजूने हसली. मग त्या शब्दापाशी आले आणि माझी जीभच अडली. बदली एवढं बोलून गेले होते. अम्माने लगेच विचारलं, कसली बदली. मी थाप मारली, की मालकाच्या दुसऱ्या हॉटेलात तुझी बदली होतेय. तेव्हापासून तिने भंडावून सोडलं आहे. तिथलं पाणी कसं आहे, नवा मुकादम खडूस तर नाही ना, अंथरूण सोबत न्यायचं की तिथे मिळतं. आता तूच काय ते निस्तर.

तिची प्रगती छान आहे. व्यायाम करून घेणारी बाई सकाळी मी शाळेत असताना येते आणि संध्याकाळची पाळी माझी. मी तिचा हात धरून अजून एकदा म्हणते आणि ती खरोखरच अजून एकदा उचलते. परवा कोपर उशीपासून सुटलं. दाजींनी पाहिलं, त्यांना विचार.

तू एवढी घाई का करतोस, मला कळत नाही. तू आपला पुन्हा स्वतःच्याच नावाने जा, तिच्यासाठी दुवा माग. ती उठून बसली की आपण तिला चाकाच्या खुर्चीतून नेऊ. आशा आहे की नाही, हे काय विचारणं झालं? आईबद्दल असं विचारतात का?

राग आला असेल तर येऊ दे, पत्र लिहायचं मात्र थांबवू नकोस.

तुझी,
आपा


दि. २ फेब्रुवारी

ती. आपास,
सप्रेम सलाम वि. वि.

तू मला झापलंस ते बरोबरच आहे. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर काही तू दिलं नाहीस. कोपर, उशी, दाजी, सगळं आलं, डॉक्टर तेवढे आले नाहीत. लहानपणी मी काही फोडलं की तू अशीच अम्मासमोर दुसरंच काहीतरी बोलत राहायचीस. म्हणून मला भीती वाटते.

चाकाच्या खुर्चीचंही मी मौलवीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, आज ना उद्या ती खुर्चीतून येऊ शकणार असेल, तर तिच्या वाटची यात्रा तिनेच करायची, मी मध्ये पडायचं नाही. आणि ती येऊ शकणार नाही हे ठाऊक असून मी यंदाची संधी घालवली, तर तिचं राहून जाईल ते राहूनच जाईल. तिला आशा आहे म्हणून मी गप्प बसलो आणि आशा नव्हतीच, असं झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? आणि आशा असताना मी तिच्या नावाने गेलो, तर जणू मीच वर जाऊन सांगून आलो की आता ही काही उठत नाही. दोन्हीकडून माझीच मान अडकली आहे.

कामात लक्ष नाही. परवा रोलरमध्ये चादर दुमडून गेली, करपली, आणि जळका वास येईपर्यंत मला पत्ता नाही. मुकादमाने सगळ्यांसमोर माझी पूजा बांधली. बसच्या म्होरक्याने दोनदा विचारलं, नाव कुणाचं घालू. मी दोन्ही वेळा उद्या सांगतो म्हणालो.

आपा, सजवून लिहू नकोस. आहे किंवा नाही, एवढंच लिही. परवानगीचं कसं विचारायचं ते मग दोघं मिळून बघू.

जीव टांगणीला लागलाय, तेवढा लवकर उतरव.

तुझा,
बारक्या


दि. १४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
दुवा.

डॉक्टरांना विचारायची गरज नव्हती. त्यांनी मला दिवाणखान्यात बाजूला घेऊन मागेच सांगितलं होतं. हात जेवढा आला तेवढाच येणार. उठून बसवली की तिचा रक्तदाब उतरतो आणि डोळे फिरतात, तेही जाणार नाही, प्रवासाचा विचारच सोडा म्हणाले. मी दाजींनाही धड सांगितलं नाही. तुझ्यापासून लपवलं ते परदेशात एकटा आहेस म्हणून, असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे लिहायला बसले की हात चालेना.

तो एक शब्द तू मागितलास, तो मी अजूनही लिहिलेला नाही, बघ. लिहिला तर संध्याकाळी कुठल्या तोंडाने तिला अजून एकदा म्हणू? ती किती जिद्दीने उचलते रे. घाम फुटतो, ओठ वाकडा होतो, पण माझ्याकडे बघते आणि उचलते. तिला वाटतं आपण बऱ्या होणार. त्या आशेवरच ती जेवते, केस विंचरून घेते, शेजारणीशी भांडते. तिला परवानगी विचारायची म्हणजे सांगायचं की तुझं संपलं. मला ते जमणार नाही आणि तूही करू नकोस, माझी शपथ आहे.

तेव्हा नाव तुझंच घाल. तिचं राहिलं तर राहिलं, अल्ला सगळं बघतो. तिची आशा मोडण्यापेक्षा तेवढं पाप मी माझ्या डोक्यावर घेईन.

हे वाचून फाडून टाक. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आपा


दि. १६ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अम्माच्या पोटभर दुवा. वि. वि.

हे अक्षर व्यायामवाल्या बाईचं आहे. तिचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे असं मी सांगितलं, तेही ती लिहिते आहे. तुझी आपा शाळेत गेली आहे.

तुझ्या बदलीबद्दल मी तिला इतकं विचारलं की ती बिचारी रडकुंडीला आली. थोडी मजा म्हणून विचारलं, थोडं ती आपण होऊन सांगेल म्हणून. तोंड वाकडं झालंय माझं, कान शाबूत आहेत. ती बदली ह एवढं म्हणाली आणि ह गिळला. ह ने सुरू होणाऱ्या कुठल्या हॉटेलात तुला पाठवणार आहेत? माझा मामा माझ्या नानीसाठी असाच गेला होता, मी तेव्हा झोळी शिवून दिली होती. नियम मला पाठ आहेत. परवानगी लागते हेही माहीत आहे आणि ती कधी मागतात हेही.

तर ऐक. मी देते. या बाईच्या साक्षीने देते. माझं नाव घाल आणि जा. दुसऱ्याने केलेलं पोचेल का, अशी शंका मनात ठेवू नकोस. मी सूतगिरणीत बदलीवर राबले आहे. कायम असलेली बाई घरी असायची, मी तिच्या जागी उभी राहायचे, हजेरी तिच्या नावावर लागायची. सूत काही कच्चं निघालं नाही कधी.

मी बरी होणार नाही हे मला कधीच कळलं आहे. आपलं अंग आपल्याला सांगतं, त्याला डॉक्टर लागत नाही. पण हे आपाला कळवायचं नाही. तिला एवढंच लिही, की तू जातोस आणि अम्मासाठी दुवा मागणार आहेस. तिला वाटतं मी उठणार. शाळेतून दमून येते, चहासुद्धा न घेता माझा हात धरते आणि अजून एकदा म्हणते. तिच्या तोंडाकडे बघितलं की नाही म्हणवत नाही. हात उचलताना खांद्यात कळ जाते, तरी उचलते. तिची आशा मी कशी मोडू?

तिथे पोचलास की माझ्यासाठी वेगळं काही मागू नकोस. माझ्या नावाने पाऊल टाकलंस की माझं झालं. मागायचं ते तिच्यासाठी माग. मी गेल्यावर संध्याकाळी ती शाळेतून घरी येईल आणि तिला धरायला हात नसेल, याची मला फार भीती वाटते.

जपून जा, गर्दीत कुणाला ढकलू नकोस. तुझ्यावर जीव आहे, तो आहे तोवर आहे.

तुझी,
अम्मा