एकच शब्द उरलाय – टेक

९ जानेवारी

टेक! टेक! टेक! सकाळपासून डोकं उठलंय. लकव्याचा झटका आल्यापासून यांच्या तोंडून एवढा एकच शब्द निघतो. तोही इंग्रजी! साताऱ्यात जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलं ना विष्णुपंत सरांनी! उजवं अंग लुळं, मराठी सगळी गेली, आणि हे तेवढं राहिलं. बोलायला शिकवणारी श्रद्धा येते, ती म्हणते, "काकू, सरांना सगळं कळतं. फक्त शब्द सापडत नाहीत."

बरं बाई. मला तरी कुठे सापडतायत?

चहा दिला – टेक. कप उचलला – टेक! आता घेऊ की देऊ?

११ जानेवारी

निमिषला फोन केला. लेक पुण्यात बसून म्हणतो, "आई, बाबांची डिक्शनरी बघ ना."

बघितली. या एका शब्दाला पानंच्या पानं! घेणे, नेणे, काढणे, लागणे, सोसणे... आणि 'टेक ऑफ' म्हणजे विमान उडतं, स्वेटरही उतरतो. कुणी केली ही भाषा? म्हटलं, स्वेटरच असेल. काढला. कुडकुडायला लागले, तरी टेक! परत घातला. बाथरूमला नेऊन आणलं. फोटोंचा आल्बम पुढे धरला. नुसती मान हलते – नाही, नाही, नाही.

अहो, मग काय?

१२ जानेवारी

मालिश करायला हरणाबाई येते, माण तालुक्यातली. तिनं दारातूनच ऐकलं. "आवं काकू, सर टेक म्हनत्यात न्हवं? टेकायचं आसंल त्यास्नी. पाठीला उशी द्या की!"

मला हसू आवरेना. किती दिवसांनी हसले! हिनं खरंच उशी लावली. यांनी ती भिरकावली थेट शोकेसवर. डावा हात मात्र झकास चालतो!

१५ जानेवारी

गोळी घेताना पुन्हा तेच. पुढे केली की तोंड मिटतात, बाजूला ठेवली की टेक. माझा ताबाच सुटला. "मराठीत बोला, नाहीतर गप्प बसा!"

गप्प बसले. संध्याकाळी श्रद्धा आली, तिच्याशीही नाही.

१६ जानेवारी

अजून गप्प. शेजारी बसून मीच म्हणून बघितलं – टेक? टेक? खिडकीबाहेर बघत राहिले. होता तो एक शब्दही मी घालवला. आता घर खायला उठलंय.

१८ जानेवारी

मला ताप. लिहवत नाही. हरणाबाईनंच दोघांना पेज करून दिली.

१९ जानेवारी

दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर हे माझ्या कॉटशी उभे! एकटे! खांदा भिंतीला लावून, पाय ओढत आलेले. डाव्या हातात पाण्याचं भांडं, निम्मं सदऱ्यावर सांडलेलं.

"टेक," म्हणाले.

घेतलं.