माफी पेटीतच अडकली

कोल्हापूर, शनिवार, ८ फेब्रुवारी १९९७

गेल्या महिन्यात भर बैठकीत मी दत्तूला गद्दार म्हटलं. तीस वर्षांचा सोबती. आज मंगळवार पेठेतल्या सभेत त्याची जाहीर माफी मागितली, हळू आवाजात. पार मागं बसलेला तो तसाच उठून गेला. का?

सभेनंतर लाउडस्पीकरवाल्या सलीम मिस्त्रीनं ॲम्प्लिफायरची पेटी उघडली. "आण्णा, ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हंजे त्येच्या एका पायाला, आधीच अर्धा-पाऊण व्होल्ट द्यावा लागतोय. त्योच मिळत न्हवता. मग बारीक आवाजाला ट्रान्झिस्टर उघडतच न्हाई. तुमी वरडलासा तेवढं भायेर गेलं की."

म्हणजे सरकारला घातलेल्या शिव्या गावानं ऐकल्या, आणि माफी त्या पेटीतच राहिली. अर्ध्या व्होल्टापायी!

"उद्या परत मागा की, जरा जोरात," मिस्त्री म्हणाला.

जोरात? आयुष्यभर व्यासपीठावर गर्जत आलो. ओरडून माफी कशी मागतात, ते मला येत नाही.