दमा नव्हे, टीबी

प्रिय धाकटे,

फोनवर तू नुसती मुसमुसत बसतेस आणि माझं डोकं फिरतं, म्हणून लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं आहे, लावून घे.

मी बरी आहे. गोळ्या चालू आहेत, पण थुंकीत आता जंतू नाहीत. डॉक्टरीणबाईंनी कामावर जा म्हणून सांगितलं. शिवणकारखान्यात गेले तर माझं मशीन संडासाच्या दाराशी नेऊन ठेवलेलं! तसंच फरफटत जागेवर आणलं. सुपरवायझर म्हणाला, "बायका घाबरतात हो." म्हटलं, "मग त्या खिळे ठोकलेल्या खिडक्या उघडा, माझ्यापेक्षा कोंडलेल्या हवेचीच भीती जास्त." दुपारपर्यंत उघडल्या.

डॉक्टरीणबाई माझ्यासारखीच तोंडाळ, म्हणून आमचं जमतं. तिला विचारलं, महिनाभर धाकटी माझ्या उशाशी झोपली, मग मीच का पडले? ती म्हणाली, जंतू दोघींच्या फुफ्फुसात गेलेत. काही पेशी जंतू गिळतात, पण गिळलेले जंतू मारायचं बळ त्यांना टी पेशी, म्हणजे रक्तातल्या लढाऊ पेशी, देतात. जंतूंभोवती गाठ होते, आणि माझ्या टी पेशी बहुतेक त्या गाठीच्या कडेलाच अडकल्या. म्हटलं, म्हणजे आपले चुलतेच की! भांडण सोडवायला येतात आणि दारात उभे राहून बघतात. बाई खुर्चीतून पडायची राहिली. तुझ्या पेशींनी मात्र जंतूंना दाबून धरलंय. कसं, ते कुणालाच नीट उमगलेलं नाही. माझं रक्त दवाखान्यात घेतलंय, आता शेजारी ठेवून बघायला तुझं हवंय.

तुला द्यायचंय, हेही मला ठाऊक आहे. पण फोनवर काय म्हणालीस? "ताई, मी येईन गं, पण सासूबाईंना काय सांगू? त्यांना तर तुला दमा आहे असं सांगितलंय." अगं मेले, दमा? मी खोकले, दरोडा नाही घातला.

आणि सासूबाई, नमस्कार. तुमच्या घरी येणारं प्रत्येक पाकीट आधी तुम्ही फोडता, म्हणून तर फोन न करता पत्र पाठवलं. तिच्या तोंडून निघत नव्हतं, मी सांगते. मला टीबी झाला होता. तुमच्या सुनेनं माझी सेवा केली. ती आजारी नाही, तिच्यापासून कुणाला काही लागत नाही. शुक्रवारी तिला रक्त द्यायला दवाखान्यात पाठवा. अडवलंत, तर मी तुमच्या दारात येऊन हेच सगळं मोठ्यानं बोलेन, आणि माझी फुफ्फुसं आता चांगली चालतात.

तुझीच, कुणाच्या बापाला न भिणारी,
ताई