लाडवांचं ताट, शिडी आणि बाबांचा ठसका

ती. माणिकबाईस,

जठारपेठेतून धाकट्या भावाचा दंडवत. गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? (दोन्ही बरे असतील असं धरून चालतो, कारण बातमी मोठी आहे.) बाई, दुसरं रीळ सापडलं!

बोलपट नुकतेच आले तेव्हाचे छोटे विनोदी सिनेमे मी गोळा करतो, म्हणून भाऊजी मला भंगारशेठ म्हणतात. म्हणोत बापडे. मुख्य खेळाआधी दाखवायचे आणि विसरून जायचे, असे ते सिनेमे कुणी जपलेच नाहीत. म्हणून तर आम्ही त्यांच्यावर जीव टाकतो. नट माइक बहिरा असल्यासारखे ओरडतात, चमचा पडला तरी घंगाळ पडल्याचा आवाज येतो. आणि आपल्या सिनेमातला तो कारकून! लाडवांचं ताट घेऊन शिडीवर चढतो, खाली सासरा उभा, आणि पहिलं रीळ संपतं. ते रीळ मिळून अकरा वर्षं झाली, जो येतो तो विचारतो, "मंग काय झालं जी?" बाबांनी तो सिनेमा लहानपणी टूरिंग टॉकीजच्या तंबूत पाहिला होता, पण शेवट सांगायला लागले की हसून हसून त्यांना ठसका लागायचा. न सांगताच गेले. मला ते फार लागून राहिलं होतं.

तर चांदूर रेल्वेजवळ चतुराबाई म्हणून फुलं पिकवणाऱ्या बाई आहेत. त्यांचे सासरे त्याच तंबूच्या दारावर तिकिटं फाडायचे. कळल्याबरोबर तुझ्या भावजयीने, साधनाने, बांधून दिलेला जेवणाचा डबा घेऊन निघालो. फडताळात पत्र्याचा गोल डबा, आत रीळ, रिळावर झेंडूच्या बियांची पुरचुंडी! रिळाचे शेवटचे दहा हात तेवढे बुजगावण्याच्या गळ्यात. (शेवट पाखरांनी आपल्याआधी पाहिला.) काळ्या चिखलात दोनदा बसलो, पण सोडवून आणले. "फिलीम न्या जी," चतुराबाई म्हणाल्या, "पन डब्बा नेला त बी कायच्यात ठेवू मी?" (तो प्रश्न मी चुटकीसरशी सोडवला.)

रविवारी अंगणात पडदा लावला. अख्खी गल्ली लोळली. साधनासुद्धा! बाई, मी जिंकलो. शेवट असा आहे : शिडी हलते, सासरा वर बघतो, आणि ताट (थांब, डोळे पुसतो) ताट सरळ त्याच्या... नाही जमत. तू येच.

तुझा,
शेखर

ता. क. शेवट साधनाला लिहायला सांगितला. तीही कागद हातात धरून हसत बसली आहे.

ता. क. २. तुझ्या आंदणातला पितळी कडीचा डबा, जो तू दिवाळीपासून परत मागते आहेस, त्यात सध्या झेंडूचं बी आहे. चतुराबाईंच्या मते झाकण अगदी घट्ट बसतं. आल्यावर आधी सिनेमा बघ, मग मला काय बोलायचं ते बोल. बाबांची लेक आहेस, बोलता येणार नाही.