चार चमचे तेल

ता. ९, गुरुवार

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढच्या ओळींची हमी देत नाही. चार महिने तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. फाडायचा असेल तर पूर्ण वाचून मग फाड.

आधी बातम्या. ग्रंथालयात नवे साहेब आलेत, पुस्तकं उंचीप्रमाणे लावा म्हणतात. माझा स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोच. प्लंबर रोज ‘उद्या’ येतो. आणि आईचं वजन परवा कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे केलं. साडेचार किलोंनी वाढलंय. आता चालताना भिंत धरत नाही. येईल तो म्हणतो, लेकीच्या हातचं अंगी लागलं हो! मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो.

लेकीच्या हातचं त्यात काहीही नाही. भाजलेले शेंगदाणे तेल सुटेपर्यंत वाटायचे आणि मऊ भातात कालवायचे. तीळ बारीक करून भोपळ्याच्या सूपमध्ये घालायचे. अंड्यातला बलक बटाट्यात कुस्करायचा. आणि गॅस बंद केल्यावर वरून तेल, दिवसाला चार चमचे, मोजून. सगळं तुझं. मी नुसती नक्कल उतरवली.

दवाखान्यातला तो पहिला दिवस आठवतो ना? आईच्या पोटाच्या दुखण्यापायी डॉक्टरांनी दूध, लोणी, गहू, तिखट, सगळ्यावर काट मारली होती. मग त्या आहारतज्ज्ञ बाईंनी यादी दिली: अ‍ॅव्होकॅडो, अक्रोड, ऑलिव्हचं तेल. दादाची कंपनी नुकतीच बंद पडलेली. तू यादी दोनदा वाचलीस आणि विचारलंस, “बाई, ह्यातलं आमच्या पिशवीत काय मावेल?” बाई हसल्या, कागद उलटा केला आणि मागे लिहून दिलं: साधं तेल, शेंगदाणे, तीळ, अंडी. म्हणाल्या, “ह्यांचं चार घासांत पोट भरतं. म्हणजे त्या चार घासांतच ताकद हवी. तेल हे ह्यांच्यापुरतं औषध समजा.”

मीही तिथेच बसले होते. कानांसकट.

पण तू सकाळी स्वयंपाक करून शिवणाच्या कारखान्यात जायचीस, आणि दुपारी आईला भरवायला मी यायची. डबा उघडला की वर तो पिवळा तवंग. मला त्यात बाबा दिसायचे. ते हृदयविकाराने जेवता जेवता गेले तेव्हापासून तेलाचा मी असा धसका घेतलाय, की दाराच्या बिजागरीलाही घालत नाही. तुला मी नाव ठेवलं, तेलसम्राज्ञी. चार पाहुण्यांत ते म्हणून दाखवायची. सगळे हसायचे. तूही हसायचीस, पदराआड नाही, समोर, आणि लगेच पाणी आणायला आत जायचीस. तुझ्या घरचे पाहुणे इतकं पाणी का पितात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

दुसऱ्या खेपेला दवाखान्यात गेलो तेव्हा आई तीन किलोंनी उतरली होती. बाईंनी विचारलं, “तेल घालताय ना?”

“चार चमचे. मोजून,” तू म्हणालीस.

“मग जातं कुठे?”

दादा तुझ्याकडे वळला. “काटकसर करायला तुला माझ्या आईचंच ताट सापडलं?”

तेवढ्यात मी बोलले. “तेलसम्राज्ञीच्या राज्यात दुष्काळ पडला म्हणायचा!” दादा कडवट हसला. तू पिशवी उचललीस आणि बाहेर गेलीस. दुसऱ्या दिवशी आई माझ्याकडे आली. तुझ्या हातून तिचं ताट काढून घेतलं, ते असं.

वहिनी, तेव्हा माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये कागदी रुमालांचं अर्धं पाकीट होतं.

सात आठवडे मी रोज डब्यावरचं तेल टिपत होते. भाताला रुमाल दाबायचा, सूपवरून अलगद फिरवायचा, पारदर्शक झाला की घडी करून पर्समध्ये. तू मोजून घालायचीस, मी निगुतीने काढायची. आईला जपतेय अशी माझी समजूत होती, आणि ती खरीच होती, बाईंनी ‘मग जातं कुठे’ असं विचारेपर्यंत. त्या क्षणी मला कळलं कुठे जातं ते. कळल्यावर मी विनोद केला. चुकीची माफी मागता येईल. त्या विनोदाची कशी मागू?

काल मी आईच्या भातावर तेल घालत होते. ती म्हणाली, “हल्ली पुसत नाहीस.”

माझा चमचा तिथेच थांबला. “तुला माहीत होतं?”

“आजारी होते. आंधळी नव्हते.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू पोटची. तुला उघडं पाडवेना.” तिने घास गिळला. “तिला पडू दिलं. आता मला घरी ने. तिला तोंड दाखवायचंय.”

संध्याकाळी दादाला माझ्याकडे बोलावून सगळं सांगितलं. तुझ्याआधी त्याला, कारण उशीर केला असता तर मी हे पत्र टाकलंच नसतं. तो ऐकून म्हणाला, “मी तिला काय काय बोललो गं!” आणि उठून गॅलरीत गेला. त्याची माफी त्याची त्याने मागावी. ज्यांच्यासमोर मी ते नाव घेऊन हसवलं, त्यांना एकेकाला मी फोन करतेय. आत्तापर्यंत पाच झाले. कुणी हसलं नाही.

रविवारी अकराच्या सुमारास आईला घेऊन येते. दार उघडलंस तर तिला सोडून जिन्यावरूनच परत फिरेन. बस म्हणालीस तर बसेन. वाढलंस तर जेवेन, वरून तेल घातलंस तरी. पर्स घरी ठेवून येतेय.

तू ज्या नावाने हाक मारायचीस आणि कदाचित आता मारणार नाहीस, ती तुझी,

ताई